फेब्रुवारीत नाला वाहतोच कसा?

मुंबईचा पाऊस सप्टेंबरअखेर आटोपतो. ऑक्टोबरात एखादी सर येते आणि मग जूनपर्यंत आभाळ कोरडं. शहरातल्या नाल्यांना महापालिकेच्या कागदावर ‘पर्जन्य जलवाहिन्या’ म्हणतात, म्हणजे पावसाचं पाणी समुद्रापर्यंत नेणं एवढंच त्यांचं काम. त्या हिशेबाने फेब्रुवारीत कुठल्याही नाल्याच्या पुलावरून वाकून पाहिलं तर खाली भेगाळलेला चिखल दिसायला हवा. दिसतं काळं, संथ, बुडबुडे सोडणारं पाणी, आणि ते दिवसरात्र चालू असतं. पाऊस नसताना वाहणारं हे पाणी कुणाच्या तरी संडासातून, मोरीतून, गोठ्यातून नाहीतर गाळ्यातून आलेलं असतं. त्याच्या प्रत्येक लिटरला पत्ता आहे.

नद्यांच्या प्रदूषणावर या शहरात भरपूर बोललं जातं, पण बोलणं गाळ, प्लास्टिक, संरक्षक भिंती आणि सुशोभीकरण यांच्यापलीकडे जात नाही. नालेसफाईची टक्केवारी दर मे महिन्यात जाहीर होते. किती पत्ते शोधले आणि त्यांतले किती मलवाहिनीला जोडले, याची टक्केवारी मात्र तशी जाहीर होताना दिसत नाही. खरं तर मोजायला हवी ती हीच.

दहिसर आणि पोयसर या दोन नद्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात उगम पावतात. पावसाळ्यानंतर उद्यानाच्या हद्दीत दहिसर नदीचा तळ दिसतो, दगडांवर शेवाळ असतं, मासे असतात. हद्द ओलांडून वस्ती सुरू झाली की काही शे मीटरांत तीच नदी गटार होते. वरचा पाऊस तोच, खालचा काळा दगडही तोच. बदलतात ती काठावरून आत आलेली पाइपांची तोंडं. मिठीचं दुखणं याहून अवघड. पवई आणि विहार तलाव भरून वाहतात तेव्हा मिठीला स्वतःचं पाणी मिळतं, आणि ते पावसाळ्यातच घडतं. पुढचे सात-आठ महिने सुमारे १८ किलोमीटरच्या या नदीत तिचं म्हणावं असं पाणी जवळजवळ नसतंच. तेव्हा ‘मिठीत सांडपाणी मिसळतं’ हे वाक्यच चुकीचं आहे. मिसळायला आधी काहीतरी असावं लागतं.

हा भेद शब्दांचा वाटेल, पण त्यावर सगळं गणित बसलेलं आहे. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात ते माप, साधारण २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर धरतात. आंघोळीलायक नदीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. नदीचं मूळ पाणी अगदी चांगलं, म्हणजे १ मिलिग्रॅम बीओडीचं असलं, तरी एक लिटर सांडपाणी त्या मर्यादेत आणायला सुमारे १०० लिटर लागेल. मिठीत फेब्रुवारीत ते शंभर लिटर कुठून आणणार? दुसरं माप : २८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. मागणी त्याच्या पंचवीसपट. प्राणवायू संपला की त्यावाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि सल्फेटवर जगू लागतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास त्याचा, आणि पाण्याचा काळा रंग लोखंडाच्या सल्फाइडचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक, लिटरला सुमारे २.७ ग्रॅम. म्हणून भरतीचं पाणी जिथवर शिरतं तिथे वास अधिक उग्र असतो. नाल्याकाठच्या इमारतींत एसीच्या तांब्याच्या कॉइल लवकर गळू लागतात, त्यामागेही बरेचदा हाच वायू असतो. दुरुस्तीवाला गॅस भरून पैसे घेऊन जातो, नाला तसाच.

आता पत्त्यांकडे. मुंबईत तत्त्वतः दोन वेगळी जाळी आहेत. मलवाहिन्या सांडपाणी उदंचन (पंपिंग) केंद्रांकडे आणि तिथून प्रक्रिया केंद्रांकडे नेतात; वरळी आणि वांद्रे इथलं पाणी समुद्रात सुमारे साडेतीन किलोमीटर आत सोडलं जातं. पर्जन्य जलवाहिन्या मात्र थेट नाल्यात, नदीत, खाडीत उघडतात, वाटेत कसलीही प्रक्रिया नाही. या दोन जाळ्यांची गाठ चुकीच्या जागी पडते कशी? मलवाहिनी बहुधा रस्त्याच्या मध्ये, खोलवर असते. तिला जोडायचं तर परवानगी, रस्ता खोदाईचं शुल्क, वाहतूक पोलिस, उतार जमवणं, हे सगळं आलं. पावसाचं गटार मात्र फुटपाथखाली, हाताशी. इमारतीचं ड्रेनेज तुंबलं, तळमजल्यावर पाणी उलटं आलं, की प्लंबर शेवटच्या चेंबरमधून सहा इंची पाइप फोडून गटारात सोडतो. ‘तात्पुरतं’ म्हणून. पुढे मलवाहिनी मोकळी झाली तरी ती फोड बुजवायला कुणी येत नाही, कारण त्यानंतर सोसायटीला काही त्रासच होत नाही. त्रास नदीला होतो, आणि नदी तक्रार नोंदवायला वॉर्ड ऑफिसात जात नाही.

वस्त्यांचा प्रश्न वेगळा, आणि तिथल्या लोकांना बेशिस्त ठरवून तो सुटत नाही. २० आसनांचं सार्वजनिक शौचालय घ्या. एका आसनामागे ३० माणसं धरली (प्रत्यक्षात अनेकदा याहून जास्त असतात), तर ६०० माणसं झाली. प्रत्येकाने दिवसाला बादलीभर, १५ लिटर पाणी ओतलं तर ९,००० लिटर. सेप्टिक टँकमध्ये मैला तळाशी बसायला पाणी निदान एक दिवस थांबावं लागतं, म्हणजे नऊ घनमीटर जागा नुसत्या थांबण्यासाठी. माणशी वर्षाला ४० लिटर गाळ हा नेहमीचा हिशेब. ६०० माणसांचा २४ घनमीटर. टाकी ३० घनमीटरची असली तर गाळाला उरतात २१, आणि त्या साडेदहा महिन्यांत भरतात. ‘दोन-तीन वर्षांनी उपसा’ हा नियम घरगुती टाकीचा आहे. तो इथे लावला तर टाकी दुसऱ्या वर्षापासून नुसता रुंद पाइप होते. वरून पडलेलं खालून जसंच्या तसं बाहेर. शिवाय नीट चालणारी टाकीसुद्धा बीओडी तीस ते पन्नास टक्केच कमी करते, रोगजंतू तर बहुतेक सगळे पुढे जातात. उरलेलं काम शोषखड्ड्याने करायचं असतं. चार फुटी गल्लीत, खाली काळा दगड नाहीतर खाडीची चिकट माती असताना, शोषखड्डा कुठे खणणार? म्हणून टाकीचा पाइप नाल्यात. उपसणारी गाडी गल्लीच्या तोंडापाशी थांबते, तिचा होज शेवटच्या टाकीपर्यंत पोचत नाही, आणि ती टाकी वर्षानुवर्षं उघडलीच जात नाही. यावर उपाय अगदी साधा आहे : जिथून मलवाहिनी शे-दोनशे मीटरवर आहे तिथे शौचालयाचा पाइप छोट्या पंपाने तिच्यात ढकलायचा, आणि जिथे शक्य नाही तिथल्या टाकीच्या दारावर उपशाची तारीख रंगवायची.

तबेल्यांचं काम त्या मानाने सोपं, कारण तिथे घाण एका जागी आणि घट्ट स्वरूपात असते. म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण टाकते. ५०० म्हशींचं साडेसात टन. ते फावड्याने उचललं तर खत किंवा गॅस. २५ किलो शेणापासून अंदाजे एक घनमीटर गॅस या हिशेबाने रोजचा ३०० घनमीटर. होज मारून धुतलं की तेच शेण दहापट पाण्यात मिसळतं आणि मग वेगळं काढणं परवडत नाही. गोठ्यात आधी कोरडं शेण उचला, मग धुवा, एवढा क्रम बदलला तरी दहिसर-पोयसरवरचा भार उतरेल. पण मजूर पैसे मागतो, पाणी पैसे मागत नाही.

सर्वांत कमी पाणी सोडून सर्वांत जास्त नुकसान करणारे म्हणजे मुलामा देणारे आणि ड्रम धुणारे छोटे गाळे. क्रोमचा मुलामा दिल्यावर भाग धुतलेलं पाणी पिवळं दिसतं. तो षट्संयुजी क्रोमियम, कर्करोगकारक. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ते काढायची कृती ठरलेली आहे. आम्ल घालून सामू (पीएच) २ ते ३ वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं पाणी हिरवट झालं की चुन्याने सामू ८ ते ९ करायचा. क्रोमियम गाळ होऊन खाली बसतो, आणि तो गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा. चुकतं कुठे? सगळ्या टाक्यांचं धुवण एकाच नळीत सोडतात. त्यात सायनाइडच्या टाकीचं पाणी असेल आणि त्यावर आम्ल पडलं तर विषारी वायू सुटतो आणि माणूस जागीच मरू शकतो. म्हणून दोन वेगळ्या नळ्या लागतात, वेगळे पिंप लागतात, आणि दोनशे चौरस फुटांच्या गाळ्यात त्याला जागा नसते. अशा गाळ्यांवर धाड टाकून सील ठोकलं की ते पुढच्या गल्लीत उघडतात. त्यांना सामाईक प्रक्रिया केंद्र आणि पिंपं गोळा करणारी गाडी द्यायला हवी, मग धाडीला अर्थ राहील.

बांधकामांकडे तर प्रदूषण करणारे म्हणून फारसं पाहिलंच जात नाही. काँक्रीट मिक्सर धुतलेल्या पाण्याचा सामू १२ च्या आसपास असतो, म्हणजे चुन्याच्या निवळीइतका. ते थेट रस्त्याकडेच्या जाळीतून गटारात जातं. पाठोपाठ पाइलिंगचा, म्हणजे पायाचे खांब खणतानाचा बेंटोनाइट मातीचा चिखल. तोच पुढे मे महिन्यात ‘गाळ’ म्हणून वजन करून, पैसे मोजून काढला जातो.

गाळाचा विषय निघालाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तेव्हापासून मिठीकडे आपण पुराच्या डोळ्यांनी पाहायला लागलो. रुंदीकरण, खोलीकरण, भिंती. पुरासाठी त्यांतलं बरंच गरजेचं होतंच. पण गाळ काढल्याने बीओडी कमी होत नाही. वरून रोज येणारं थांबलेलं नसतं. शिवाय गाळ ही मोजायला निसरडी वस्तू आहे. मिठीतल्या गाळाच्या कंत्राटांत सुमारे ६५ कोटींची फसवणूक झाल्याचा गुन्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये नोंदवला. त्यात काय सिद्ध व्हायचं ते होईल. इथे मुद्दा एवढाच की नदीतून किती गाळ निघाला हे ट्रकच्या पावतीवर ठरतं. मलवाहिनीला किती जोडण्या झाल्या हे मात्र चेंबर उघडून कुणालाही पाहता येतं.

सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रं आता बांधली जात आहेत : वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. एकूण क्षमता रोजची सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर, भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. हे काम मोठं आहे, आवश्यक आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचं कोरड्या हंगामातलं पाणी धारावीच्या केंद्राकडे नेणारा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदाही योग्य दिशेचा. पण नाल्याच्या तोंडाशी बांध घालून सगळं पाणी वळवणं ही शेवटच्या टोकाची युक्ती. तिथे जाळीत प्लास्टिक अडकतं, पंप बंद पडतात, आणि पहिल्या मोठ्या सरीला बांध उघडावाच लागतो, नाहीतर वस्तीत पाणी. म्हणजे वर्षाचे चार महिने सगळं जसंच्या तसं समुद्रात. दुसरं, नाल्याचं पाणी वळवल्यावर त्यात शेण, बेंटोनाइट, क्रोमियम हेही आलं. प्रक्रिया केंद्रातले जिवाणू मैला खाण्यासाठी पाळलेले असतात. क्रोमियमचा एक चांगला झटका त्यांना मारतो आणि ते पुन्हा वाढवायला दिवसच्या दिवस जातात. मूळ जागी जोडणी आणि शेवटी वळवणी, असा क्रम हवा. आपण दुसरं आधी बांधतो, कारण त्याला एकच निविदा लागते.

भूजल मात्र या सगळ्या चर्चेत नावालाही नसतं. मुंबईखालचा बेसॉल्ट हा भेगांचा दगड. वरचा मुरूम आणि खालच्या सांधी, यांतून पाणी फिरतं. वाळूमिश्रित जमिनीत घाणपाणी हळूहळू गाळलं जातं. भेगेत शिरलेलं पाणी नळीतून गेल्यासारखं जातं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं, पण ते माती धरून. फुटक्या मलवाहिनीशेजारच्या भेगेला तो आकडा ठाऊक नसतो. बोअरच्या पाण्यात काय शिरलंय हे ढोबळमानाने ओळखता येतं. क्लोराइड जास्त आणि नायट्रेट किंवा अमोनियाही जास्त, तर मैलापाणी. क्लोराइड खूप जास्त पण नायट्रेट-अमोनिया नाममात्र, तर समुद्र. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ४५ मिलिग्रॅम. नुसता टीडीएस मीटर बुडवून ‘पाणी चांगलं’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. तो मीटर मीठ मोजतो, मैला नाही.

समुद्र आत येण्याचं गणितही क्रूर आहे. सच्छिद्र किनारी जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी टिकतं. पातळी अर्धा मीटर खाली गेली की खारं पाणी २० मीटर वर सरकतं. भेगाळ दगडात हे तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा हीच. दोन-तीन तळघरांच्या इमारतीसाठी महिनोन्‌महिने पंपाने उपसा चालतो तेव्हा शेजारच्या जुन्या विहिरीचं पाणी खारट होतं, ते यामुळे.

आणि या विहिरींचा हिशेब कुणाकडे असतो? महापालिकेत पाणीपुरवठा जल अभियंत्यांकडे, मैला मलनिःसारण विभागाकडे, नाले पर्जन्य जलवाहिन्या विभागाकडे. विहिरी आणि बोअर मात्र कीटकनाशक विभागाकडे, म्हणजे डास मारणाऱ्यांकडे. यात इतिहास आहे. १९११ साली डॉ. सी. ए. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, डास विहिरींत वाढतात हे दाखवलं, आणि शहराने विहिरी झाकायला, बुजवायला घेतल्या. तेव्हा ते बरोबरच होतं. पण शंभर वर्षांनंतरही या शहराच्या लेखी विहीर म्हणजे डासांचं घर, पाण्याचा साठा नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये भूजल उपशाच्या परवानग्यांवरून विहीरमालकांना नोटिसा गेल्या, टँकरवाल्यांनी संप केला, नोटिसांना स्थगिती मिळाली. त्या चार-पाच दिवसांत परवान्यांवर भरपूर बोलणं झालं. १०,००० लिटरच्या त्या टँकरमध्ये नायट्रेट किती, मैल्याची खूण असलेला ई. कोलाय जिवाणू आहे की नाही, हा प्रश्न मागच्या बाकावरच राहिला.

वरचं घाण पाणी आणि नळाचं पाणी वेगळं, असं समजण्यातही अर्थ नाही. मुंबईत पाणी ठरावीक तासच येतं. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब जातो, आणि तिच्यावर एक गंजलेला सांधा असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गल्लीच्या उघड्या गटारातून जाणाऱ्या अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांचे जुडगे, वर कुणीतरी थेट लाइनवर लावलेला मोटरपंप : दूषित पाण्याच्या तक्रारींना यापेक्षा वेगळं कारण शोधावं लागत नाही. म्हणून ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यातला क्लोरीन पिवळ्या रंगाने दाखवणाऱ्या चाचणीत, नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमही क्लोरीन दिसला नाही तर टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून गप्प बसू नये. आधी पाइप कुठल्या गटारातून येतो ते पाहावं.

सोसायट्यांच्या पर्जन्य जलसंधारणाबद्दल एक इशारा. पुनर्भरण खड्ड्यात फक्त गच्चीचं पाणी जावं, तेही पहिली सर बाहेर सोडून. पार्किंगचा उतार खड्ड्याकडे असेल तर जळालेलं ऑइल गोटे-खडी-वाळूच्या थरांतून थेट भेगेत. शेवटच्या चेंबरशेजारी खणलेला खड्डा तर मैला जिरवायची सोय म्हणूनच काम करतो.

पत्ते शोधणं महाग नाही. ओहोटीच्या वेळी नाल्यात उतरून प्रत्येक पातमुखाला, म्हणजे नाल्यात उघडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला, भिंतीवर क्रमांक रंगवायचा. सकाळी सात ते नऊ या वेळात जोर असलेलं तोंड घरगुती, दुपारी रंग बदलणारं गाळ्यांचं, पहाटे तीनलाही एकाच धारेने वाहणारं बहुधा गळतीचं. त्यातलं पाणी स्वच्छ दिसलं तर ओटी टेस्ट करावी. पिवळं आलं, म्हणजे क्लोरीन दिसला, तर ती फुटलेली जलवाहिनी, आणि शहराचं पिण्याचं पाणी वाहून जातंय. मग वरच्या संशयित इमारतीच्या संडासात फ्लुरोसीनचा हिरवा रंग ओतायचा आणि खाली तोंडाशी माणूस उभा करायचा. थेट जोडणी असेल तर पाव तासात हिरवं दिसतं, मध्ये सेप्टिक टँक असेल तर कधी दुसऱ्या दिवशी. कुठल्या क्रमांकाला कुठली इमारत, ही यादी वॉर्डाच्या संकेतस्थळावर टाकायची, जोडणी झाली की तारीख लिहायची, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याच क्रमांकापाशी जाऊन तोंड कोरडं आहे का पाहायचं. हे काम डिसेंबर ते एप्रिल याच काळात होतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळी तोंडं एकसारखीच वाहू लागतात.